प्रभावी हात

कंपूतल्या व्यायामशाळेची मागची खोली.
कूलर नुसताच ओल्या वाळ्याचा वास फेकतोय.
रागिनी तोमरच्या प्रबंधात मी एकोणिसावी:
शाल्मली शितोळे, ज्यूदो, वय वीस,
प्रभावी हात उजवा.
हे लिहिताना थांबले नाही,
आडनाव लिहिताना कोण थांबतं?

मनगटाच्या वळीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत
साडेसतरा.
वीत वीस.
मग मनगटाचा घेर, कोपराखालचा, दंडाचा,
एकदा सैल सोडून, एकदा फुगवून.
दौलतगंजातल्या कासारानं हे सगळं
एका दाबात ओळखलं होतं, ताईच्या लग्नात:
"हाड दांडगं आहे पोरीचं, दोन-दहा काढा."
केवढ्या हसल्या होत्या बायका.

मग ते यंत्र.
कोपर काटकोनात, दंड अंगाला चिकटून,
श्वास सोडत दाबायचं. तीनदा.
मध्ये एकेक मिनिट विश्रांती.
उजवा: एकतीस, बत्तीस, एकतीस.
छान, म्हणाली ती.
डावा: छत्तीस.
तिनं काटा शून्यावर आणला,
मूठ पुन्हा बसवून दिली.
छत्तीस. साडेछत्तीस.
"फॉर्म भरताना काही चुकलं का?"

चुकलं तर खरं.
पण कुणाचं, ते सांगायला
एक मिनिट पुरत नाही.
आत्यानं पंचानं बांधून ठेवलेला हा हात,
जेवताना मांडीखाली, आरतीला पाठीमागे,
खिरापतीसाठी पुढे आला की चापट.
कामं मात्र त्याला कुणी नाकारली नाहीत:
हापशाचा दांडा, मोरीतली बादली,
गॅसची टाकी तीन जिने,
आणि लोणच्याच्या बरणीचं अडलेलं झाकण,
तेही आत्याच्याच.

भदौरिया सर ओरडतात, तुझी पकडच उलटी,
समोरचीला कळत नाही तू कुठून येणार.
मला तरी कुठे कळत होतं.

रागिनीनं "उजवा" खोडलं नाही.
शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं
आणि राहिलेलं संमतीपत्र पुढे सरकवलं.
पेन मी डाव्या हातात घेतलं.
सही आली ती पहिलीतल्या मुलीची,
शा केवढा तरी, ल्म ओळीखाली घसरलेला,
आणि शेवटच्या वेलांटीशी
कागद फाटला.
"अगं, इथे नको एवढं दाबू,"
ती म्हणाली.