चार-दोन-दोन

इमान्ट्सनं मला विजेच्या बिलामागे काढून दाखवलं:
घरोघरच्या टीव्हीला रंग देतात चिमटीनं,
मीठ महागलेल्या सालासारखा.
स्टेशनं आपसात पाठवतात ते चार-दोन-दोन,
त्यात रंग दुप्पट.
"आणि पूर्ण?"
"पूर्ण म्हणजे चार-चार-चार.
तेवढा कुणी कुणाला आभाळातून पाठवत नाही."

एकतीस वर्षं हा माणूस
कुल्दीगाजवळच्या लिननच्या गिरणीत रंगाच्या पिंपावर होता.
गिरणी गेली. बोटांच्या पेरांत निळा राहिला, तोही गेला.
मग हे: छपरावर डिश, तिच्यावरचा बर्फ झाडायला माझाच झाडू,
नातवानं टाकलेला कॉम्प्युटर, त्यात ऐंशी युरोचं कार्ड.
चित्र उलगडताना पंखा असा धापा टाकतो
की मांजर खोलीत येत नाही.

रात्र रात्र बघतो काय?
रंगांच्या उभ्या पट्ट्या आणि एक लांबच लांब शिट्टी.
कुठल्याशा गाडीचं नाव, फोन नंबर.
फुटबॉल, पण गुण नाहीत, बोलणारा नाही,
नुसते बूट आणि शिव्या.
मी विचारते, कोण जिंकलं?
म्हणतो, लिहिलेलं नाही.

फेब्रुवारीत त्यानं मला उठवलं.
कुठलंसं बंदर, तिरपा पाऊस,
एक बातमीदार बाई कॅमेऱ्यासमोर थांबलेली.
सतरा मिनिटं थांबली.
तिनं उकडलेलं अंडं सोललं, टरफलं खिशात टाकली,
नाक पुसलं,
कानातल्या माणसाला म्हणाली काहीतरी, हसली नाही.
"स्कार्फ बघ, वेल्गा."
मला राखाडी दिसला.
"राखाडीच. पण खाली अक्रोडाची साल आहे,
दुसऱ्या बुडवणीला घातलेली. कुणीतरी घाई केली नाही."
तो खुर्चीत पुढे सरकला, पडद्याला नाक लागेपर्यंत.
मग बाईचा चेहरा दिव्यासारखा लागला, ती बोलली,
आणि सगळं काळं.

सकाळी तीच बाई आमच्या टीव्हीवर, चाळीस सेकंद.
स्कार्फ राखाडी.
इमान्ट्स ब्रेडला लोणी लावत राहिला,
पार कडेपर्यंत, कोपऱ्यांतसुद्धा.

मे महिन्यात आउस्माचं लिंडन पानांवर येतं
आणि नेमकं सात अंश पूर्वेच्या आड उभं राहतं.
चित्राचे आधी चौकोन होतात, मग तेही नाहीत.
आउस्मा भली आहे, दरवर्षी कुंपणावरून विचारते,
करवत काढू का?
मी म्हणते, काढ बाई, निदान हा झोपेल तरी,
आणि माझंच बोलणं मला उलटं ऐकू येतं.

यंदा तो स्वतःच अंगणात गेला, पायजम्यावर.
फांदी खाली ओढली,
एक पान उजेडासमोर धरलं, पालथं केलं, परत सुलटं.
आउस्मा वाट बघत होती. मीही.
"राहू दे," म्हणाला.
आणि पान माझ्या हातात देत, हळू,
गिरणीत नमुना पास करायचा त्या आवाजात:
"चार-चार-चार."