हजेरी

टॉवेलच्या कारखान्याची हजेरी मांडून घरी येतो
तेव्हा साडेदहा झालेले असतात.
पत्रा अजून दिवसभराचं ऊन खाली सोडत असतो.
आई कोपऱ्यात विड्यांचा शेवटचा कट्टा बांधते,
मी फोन तांब्याला टेकवतो
आणि उर नावाच्या शहरात शिरतो.

निवेदक हिंदीत डब केलेला, आवाज देवळातल्या घुमटासारखा:
दो नदियों के बीच...
आई विचारते, कुठलं ऊर?
आमच्या तेलुगूत ऊर म्हणजे गाव. नुसतंच गाव.
"नाव नाही का त्या गावाला?"
हेच नाव, आई.
ती दोरा दातानं तोडते.
"असेल बाबा. पहिलंच असेल.
दुसरं नसेल वेगळं ओळखायला."

तिथल्या देवांची एक गोष्ट आहे.
माणसं वाढली, फार गलका करू लागली,
थोरल्या देवाची झोप मोडली,
म्हणून त्यानं पूर सोडला.
आमच्या बोळात अठ्ठावीस माग.
खडाक् खट्, खडाक् खट्,
भिंतीतली खुंटी शर्टासकट हलते.
पूर काही आला नाही.
नळालाच पाचव्या दिवशी पाणी,
देव तरी कुठून आणणार?
उलट ज्या वर्षी गिरणीचा भोंगा थांबला
त्या वर्षी आख्ख्या गल्लीला झोप लागेना.
वडील रात्री उठून बसायचे,
शांततेला कान लावून,
कुणी हाक मारायचं विसरलंय असे.

मागच्या आठवड्यात फोनमध्येच एक संग्रहालय सापडलं.
मातीच्या पाट्या, काही तर पार्ले बिस्किटाएवढ्या,
प्रत्येकीला नंबर, बोटांनी मोठ्या करून बघता येतात.
मला वाटलं राजे निघतील, शाप निघतील, तारे.
निघाली हजेरी.

विणकर बायका, एकीखाली एक.
बाईला महिना तीस माप सातू,
पुरुषाला साठ.
पोरांना दहा, पंधरा, आईच्या नावाखाली.
काही नावांआधी बारीक खूण:
आजारी. पळाली. मेली.
शेवटी बेरीज, दुहेरी रेघ.
भाषांतर खाली दिलं होतं,
पण त्याआधीच मला कळलं होतं हे काय आहे.
चार हजार वर्षांपूर्वीची अक्षरं येत नव्हती.
रकाने येत होते.

पाटीच्या कडेला अंगठा उमटलेला.
सही नव्हे ती,
ओली माती हातात धरली तेव्हाचा.
त्या कारकुनाला ठाऊकही नसेल.

आमच्याकडे अंगठा मशीनवर लावतात.
धुलाई खात्यातल्या नरसव्वा येमूलचा लागत नाही,
सोड्यानं रेषाच गेल्यात.
मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
ती पदराला पुसते, पुन्हा लावते,
मागची रांग कुरकुरते.
मी गुपचूप वहीत लिहितो.
सुपरवायझर म्हणतो, वही कशाला आता,
सगळं क्लाऊडवर हाय की.
मी दारातून अक्कलकोट रोडवरचं आभाळ बघतो.
एप्रिल. ढगाचं नाव नाही.

आज आईलाच पाटी दाखवली.
चष्मा नाकावर सरकवून तिनं
फोन आरशासारखा धरला.
"ही मेली ती कोण?"
बघतो. नेमका तिथंच टवका उडालाय,
नावाचं शेवटचं अक्षर तेवढं राहिलंय.
"म्हणजे खूण राहिली, बाई गेली."
हो.
मग ती बराच वेळ गप्प.
सुपातला तंबाखू उगाच सारखा करत राहते.
"आणि तिच्या वाटणीचं सातू?
ते कुणी नेलं?"
माहीत नाही, आई.
"छाटात धरलं असेल," ती म्हणते.
हजार विड्यांमागे तिच्या किती छाटात जातात
हे ती बोटांवर मोजत नाही, तिला पाठ आहे.
"नीट बघ की. मागं लिहिलं असेल."

मी पाटी उलटवतो.
मागचाही फोटो आहे, त्याच नंबरचा.
कोरी.
शेजारचा माग एवढ्यात बंद पडतो, धागा तुटला असणार,
आणि आम्ही दोघं
तो पुन्हा चालू व्हायची वाट बघत बसतो.