अर्धा किलो

आचल माणसं पायांवरून ओळखायची.
भेगा, जोडवी, चपलेच्या अंगठ्याला मारलेली तार.
दमडूकाका दारात खाकरायच्या आधी
आतून हाक यायची, "काका आले, पानी आना."
हनुवटी छातीला टेकलेली, तिसरीत होती तेव्हापासून.
फळा दिसत नसे, ऐकून लिहायची.
गावात कुणाचं काही पडलं की तिला बोलावत:
नथीची फिरकी, शर्टाचं बटण,
एकदा पोस्टमनच्या सायकलची किल्ली.
सापडायचंच.

वर्धेला डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला.
मणके पुढून झिजलेले, म्हणाले, आत दोरा दबतो आहे,
उद्या हातपाय जातील.
मी मापारी. वीस वर्षं घाटंजीच्या बाजारात
कापूस तोलला.
मला एवढंच कळलं, की काटा एका बाजूला पडलाय.

डोक्याभोवती कडं बसवलं,
कवटीत सहा स्क्रू.
कड्याला दोरी, दोरी गडगडीवरून,
विहिरीवर असते तशीच गडगडी,
आणि पलीकडे वजन.
"रोज अर्धा किलो वाढवू."
मी विचारलं, मापं शिक्क्याची आहेत ना?
डॉक्टर हसले नाहीत. एक माप काढून
उलटं करून दाखवलं.

वजन वाढलं की सिस्टर यायची.
मूठ आवळ. अंगठा हलव. इथं लावलं ते कळतं?
चौथ्या किलोच्या रात्री
डावी मूठ मिटेना.
त्यांनी अर्धा किलो उतरवला.
मी तो हातात घेऊन बसलो पहाटेपर्यंत.
बाजारात एवढं
आम्ही झुकतं माप म्हणून सोडून देतो.

उजाडताना माझं बोट
तिच्या मुठीत होतं.

पुढे कागद आला. "माझी काही हरकत नाही," असं छापलेलं.
हरकत होती.
सही केली.
नऊ तास. कमरेचं हाड मानेत, दोन सळ्या,
बाहेर बाकावर तिची आई
एकच बिस्किट धरून.

शुद्धीवर आल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली,
फार वेळ, बाजारात नवा माल बघतात तशी.
"बाबा, तुह्या भुवईत पांढरा केस हाये."

आता ती गावात आहे. मान सरळ, जशी बसवली तशी.
खाली वाकत नाही, वळत नाही,
चपलेचा पट्टा मी लावून देतो.
परवा दमडूकाका आले.
ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, कोण म्हणून.
म्हातारा थोडा वेळ थांबला,
मग भिंतीला हात टेकून
त्यानं एक पाय उचलला,
उचलता येईल तितका वर,
तार मारलेल्या चपलेसकट.

केवढी हसली.

शेजारच्या सुलोचनाबाईंची फिरकी
सोमवारपासून हरवली आहे.
सगळी गल्ली वाकून शोधते आहे.
अजून नाही सापडली.