चंद्रकळा, नोंद क्रमांक ११४

काळा रंग स्वतःलाच खातो,
हे मला पुस्तकाआधी कापडानं सांगितलं.
टेबलावर तिला उलगडली तेव्हा
काठ शाबूत होते, मंजिष्ठेचे, तांबडेलाल,
आणि मधल्या अंगाला
हात लावला की भुकटी.
हिरड्याचं पाणी, लोखंडाचं पाणी.
कुणा रंगाऱ्यानं तिच्यात रात्र पक्की केली होती,
आणि त्या पक्केपणातच
लोखंड शंभर वर्षं हळूहळू चरत राहिलं.

सरंजामेबाईंचा फोन:
"नव्यासारखी होईल ना? वैशाखात लग्न आहे."
नाही होणार, बाई.
आम्ही फक्त तिच्या म्हातारपणाला
जरा थांब म्हणतो.

रविवार पेठेत मुफद्दलभाई
मंजिष्ठेची मुळी मोडून दाखवतात.
आतून लाल असेल तरच घ्या म्हणतात.
तीन वर्षं झाली, त्यांना अजून वाटतं
हे सगळं मी चेहऱ्याला लावते.
फरक दिसत नाही, म्हणून दर वेळी
मूठभर जास्त घालतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन,
म्हणून शाकिरा डिस्टिल्डचे कॅन
दोन जिने चढवून आणते.
आधाराचं रेशीम आधी निळीत:
बाहेर काढताना हिरवं, वाऱ्यावर निळं,
पुन्हा बुडव, पुन्हा वारा,
सात वेळा. मग तुरटी. मग मंजिष्ठा,
आच एवढीच की बोट क्षणभर टिकावं.
उकळी आली तर लाल विटकरी होतो,
आणि शाकिरा फोनवर असली
की उकळी येतेच.

निळ्यावर लाल. लोखंडाशिवायचा काळा.
खरं तर वांग्याच्या सालीचा.
पण आम्हाला तिचा मूळचा काळा नकोच होता,
आज जो उरलाय तो हवा होता,
तपकिरीकडे कललेला,
चुलीमागच्या भिंतीसारखा.
मग डाळिंबाची साल, थोडी. जास्त झाली. पुन्हा.
सकाळी अकराच्या उजेडात,
हनुमान टेकडीकडच्या खिडकीशी,
सव्विसावा नमुना
तिच्याशेजारी ठेवला आणि सापडेना.

मग निऱ्यांच्या घडीत ते रफू निघालं.
जाड सुती दोरा, चक्क निळा,
गाठ सरळ वरच्या अंगाला.
कुणालातरी कुठेतरी जायची घाई होती.
"काढूया," शाकिरा म्हणाली, "ताण येतोय."
येत होता, थोडा.
मी कात्री हातात घेऊन बराच वेळ
दुसरंच काहीतरी शोधल्यासारखं केलं.

नोंदवहीत लिहिलं:
जुनं रफू, निळा दोरा. रंग जुळत नाही.
काढलेलं नाही.

संध्याकाळी वीज गेली.
शाकिरा घरी गेलेली.
जिन्यातल्या इमर्जन्सी दिव्याची
एक मळकी पट्टी दारातून आत येत होती,
कंदिलाइतकीच.
झाकायला म्हणून टेबलाशी गेले, वाकून पाहिलं.

जुळत होता.

नोंद मी बदललेली नाही.