नकाशातला सात नंबर

स्टेशन आता नाही, स्टेशनाची इमारत आहे.
तिकिटांच्या त्याच खिडकीमागे मी बसते,
मंगळवार ते शनिवार, दहा ते चार.
कॉलेज सुरू व्हायच्या आठवड्यात
मुलांना सोडायला आलेले आईबाप विचारतात,
"पाहण्यासारखं काय आहे इथे?"
विचारतात नकाशाला, बघतात घड्याळाकडे.
मी नकाशा पसरते. फुकट आहे, म्हणते, घेऊन जा.

एक नंबर, विटांचा रस्ता.
प्रत्येक विटेवर भट्टीचं नाव दाबलेलं.
ओला असेल तर जपून, गुळगुळीत झालाय.
माझे सासरे त्याच भट्टीत होते.
हे मी सांगत नाही.

दोन, टेकडीवरचं संग्रहालय.
पूर्वी वेड्यांचं इस्पितळ होतं, आता भिंतींवर गोधड्या.
निळ्या गोधडीखाली लिहिलंय : कारागीर अज्ञात.
अज्ञात कसली! आयव्हा पेटिट.
माझ्या आईला तिने टाके शिकवले,
खिडकीच्या गजांतून सुई बाहेर देऊन.
पण मला कुणी विचारलं नाही.

वेधशाळा शुक्रवारी रात्री, आभाळाची मर्जी असेल तर.
नदीकाठची सायकलवाट केव्हाही.
ओंडक्यावर कासवं दिसतील, धुतलेली ताटं पालथी घालावीत तशी.
शनिवारी बाजारात पॉपॉ घ्या.
दाबून बघू नका, वास घ्या.
चमच्याने खायचं, बिया थुंकायच्या, लाजायचं नाही.

आणि सात. सात म्हणजे धबधबा.

सातची गोष्ट अशी, की तिथे धबधबा नाही.
धबधबा टेकडीपलीकडे, दोन मैलांवर.
सातचा ठिपका पडलाय नदीच्या वळणावर,
जिथे पाणी नुसतं वळतं, आवाजसुद्धा न करता.
छापखान्याची चूक, असं मी सगळ्यांना सांगते.
प्रूफ मीच तपासलं होतं,
वेंडेलच्या खाटेशी बसून, त्याच्या सलाइनकडे बघत.
तो गळ टाकायचा त्याच वळणावर.
एक सपाट दगड आहे, दोघांपुरता.

टोलेडोच्या एक मास्तरीणबाई तणतणत परत आल्या :
धबधबा कुठाय? बूट तेवढे भिजले!
मी माफी मागितली, चिकटपट्टी दिली टाचेला.
एक सायकलवालं जोडपं म्हणालं, छान होता, फोटोत आला नाही.
काय बघितलं त्यांनी, देव जाणे.
मागच्या ऑगस्टात एक बाप आला,
मुलीला वसतिगृहात सोडून, रिकामी गाडी घेऊन.
सकाळी गेला सात बघायला, उगवला चारला, मी कुलूप काढून हातात धरलेलं असताना.
मी म्हटलं, चुकलंय हो ते, धबधबा तिथे नाहीच.
"माहीत आहे," तो म्हणाला,
"पहिल्या पाच मिनिटांत कळलं."
नकाशा नीट घडी घालून परत ठेवला,
दुसऱ्या कुणाला होईल म्हणून.

या वर्षी नवा नकाशा निघतोय.
कॉलेजातली ब्रायोनी प्रूफ देऊन गेली,
"ओडेसा, तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे गाव?"
संग्रहालयाची वेळ सुधारली.
अज्ञात खोडून आयव्हाचं नाव घातलं,
आडनावासकट, ठळक.
धबधबा नेला टेकडीपलीकडे, जिथला तिथे,
त्याला आठ नंबर दिला.

सातपाशी मात्र पेन्सिल अडली.
दोनदा टोक केलं.
बाहेर कुणीतरी काच वाजवत होतं,
त्यांना बोटांनी खूण केली, दोन मिनिटं.
मग सातचा ठिपका होता तिथेच ठेवला
आणि समोर, जेवढी जागा होती तेवढ्यात लिहिलं :
बसायला दगड आहे.