गुंज, मासा, युनिट

दिवसभर मी शेठजींच्या पेढीवर सोनं तोलतो.
काटा काचेच्या पेटीत, पंखा बंद,
वाऱ्याचं वजन कुणाच्या बिलात जाऊ नये म्हणून.
रात्री नऊ वाजता शटर खाली येतं
आणि आमच्याच ओट्यावर गराडूवाला कढई मांडतो.
सराफ्यात जागा एकच,
पाळ्या दोन.

जुई आठवीत होती तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
घरी एक काटा घ्या.
म्हटलं, काट्याचं माझ्यावर सोडा.
तेव्हापासून आमच्या पोह्यांना वजन आलं.
वाटीभर नाही, एकशेवीस ग्रॅम,
त्यात कर्बोदकं तीस,
दहाला एक या भावाने तीन युनिट.
रविवारी जलेबी असली तर तिचं खातं वेगळं.

टोचून झालं की पंधरा मिनिटं थांबायचं.
पंधरा मिनिटांत पोहे निवतात,
वरची शेव मऊ पडते, जिरावन ओलं होतं.
जुई फोनकडे बघते,
मी घड्याळाकडे,
हिची आई आम्हा दोघांकडे,
आणि बशीकडे कुणीच नाही.

मग ती पंधरा वर्षांची झाली.
डबा शाळेतून चाटूनपुसून रिकामा यायचा,
पेन मात्र सकाळी होतं तितकंच भरलेलं.
सराफ्यातली नजर, तिला काय करणार?
पेनच्या खिडकीशी डोळा लावून मी मोजलं,
दुपारचे चार युनिट जागेवरच.

"घेतलं होतं."
"पेनात आहे ते."
"मग उद्या तूच जा ना शाळेत.
बाथरूममध्ये दार धरून टोच,
बाहेर ये, सुट्टी संपलेली असते.
आणि रोज कुणीतरी विचारणार,
'आज भी लगाना है?'
जसा काही ताप आहे, उतरेल."

मी गप्प बसलो.
घट किती धरायची ते मला कळतं,
पण ही कशात धरायची?

जानेवारीतला शनिवार, कनकचा वाढदिवस.
चौघी मैत्रिणी सराफ्यात आल्या, पाचवी ही.
मी अर्ध्या शटरमागे दिवसाचा हिशोब लावत होतो,
तिथून मला फक्त कमरेपर्यंतची माणसं दिसतात,
पण तिचे बूट मी ओळखतो.
वाकलो.

गराडूची प्लेट, वर लिंबू, वर मसाला.
दीडशे ग्रॅम, मी मनात तोललं. चाळीस. चार युनिट.
शटरला हात लावला. सोडला. पुन्हा लावला.
पोरींसमोर बाप बाहेर आला तर
ती घरी येऊन आठवडाभर बोलणार नाही,
नाही आला तर साखर बोलेल.

तेवढ्यात तिने प्लेट कनकच्या हातात दिली,
स्वेटर वर सरकवला,
भर गर्दीत, पिवळ्या बल्बखाली,
पोटाला पेन लावून दहापर्यंत मोजलं.
बोलणं थांबलं नाही कुणाचंच.
दुसरी तर मोबाईलवर काही दाखवतच राहिली.
कढईत तेल तडतडत होतं.

आणि लगेच खायला लागली!
पंधरा मिनिटं, मी शटरमागून पुटपुटलो,
अगं पंधरा मिनिटं.

घरी आल्यावर म्हणाली,
"बूट तुझेपण दिसत होते, बाबा.
तळलेलं आहे ते. साखर रेंगाळत चढते.
आधी थांबले असते तर तिथेच चक्कर आली असती.
दोन तिथे घेतले, दोन आत्ता."
आणि माझ्यासमोर घेतले.

रात्री दोनला मी तिच्या खोलीत गेलो.
अंधारात बॅटरीच्या उजेडात सुई चाचपली.
झोपेतच, डोळे न उघडता,
तिने पांघरुणातून हात काढला
आणि करंगळीशेजारचं बोट पुढे केलं.
एकशे एकोणनव्वद.
हात परत आत गेला.

वही उघडली. तारीख, वेळ, आकडा.
पुढे तिच्या प्लेटचं वजन लिहायचं होतं,
ते तिला ठाऊक, मी काही तोललं नव्हतं.
लिहिलं: गराडू, एक प्लेट, अंदाजे.

एकतीस वर्षं पेढीवर काढली,
हा शब्द कधी लिहिला नव्हता.
शाई वाळेपर्यंत बघत बसलो.