शेऱ्याचा रकाना

"एल-वन न घेण्याचे कारण":
फॉर्मवर याला दोन बोटं जागा.
एकोणीस वर्षं मी ती कोरीच सोडली.
सगळ्यात कमी भाव घेतला
की कारण कुणी विचारत नाही.

रबाळ्याला आमची कंपनी पंप बनवते.
मी बनवत नाही काही, विकत घेते:
वायसर, ग्रीस, खोकी, चहाची पावडर,
आणि महिन्याला चार हजार जोड हातमोजे,
कारण लोखंडाची कड
हात कुणाचा ते बघत नाही.

यंदा वरून आदेश आला, शाश्वत खरेदी.
पुरवठादाराचा पुरवठादार, त्याच्याही मागचा,
जाऊन बघा, चौऱ्याहत्तर प्रश्न भरून आणा.

तुर्भ्याचे छेडाशेठ म्हणाले, माल माझा,
शिलाई कुठली ते टेम्पोवाल्याला ठाऊक.
टेम्पोवाला म्हणाला, दिघ्याला, टेकडीवर,
टाकीच्या मागे. नाव नाही विचारलं कधी.
मोठ्या आवाजाची बाई.

मथुरा हातागळे. पत्र्याखाली तीन मशीन,
त्यांच्यावरून बोलून बोलून आवाज तसा झालेला.

प्रश्न एकतीस. आपत्कालीन दरवाजे किती?
एक. तोही शेजारणीचा,
आणि सध्या आमचं बोलणं बंद आहे.

प्रश्न चाळीस. सांडपाण्याची विल्हेवाट?
आधी सांडण्याइतकं येऊ तर द्या, ताई.

प्रश्न बावन्न. हातांच्या सुरक्षेची साधने?
दोघींनी ढिगाकडे पाहिलं. आठशे जोड.
तिच्या तर्जनीतून गेल्या आठवड्यात सुई गेली होती,
वर चिंधी बांधलेली, आमच्याच कापडाची.
पुनर्वापर, म्हणून एक गुण देता आला.

डझनाला अकरा रुपये.
चार बोटं सरळ जातात, ती म्हणाली,
अंगठा वळवून घ्यावा लागतो,
वेळ खातो तो अंगठाच.
आणि पैसे?
शेठला वरून आले की.
वरून म्हणजे कुठून, ते तिला माहीत नव्हतं.
मला होतं.
साठ दिवसांचे नव्वद मीच करून घेतले,
दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आधी.
खर्चबचतीची ट्रॉफी
अजून आहे टेबलावर, पेन ठेवते तिच्यात.

घासाघीस म्हणतो आपण. मला तर ती येते चांगली.
त्या शब्दात दोघांनी एकमेकांवर घासायचं असतं,
पण झिजलेलं मी पाहिलं ते
तिसऱ्याच माणसाचं बोट.

आई साबणाची चकती नव्याला चिकटवायची,
पुरवून वापर म्हणायची.
पुरवठा हा शब्द मी रोज लिहिते,
त्यातलं पुरणं कुणाला, कुणाच्या जिवावर,
हा प्रश्न चौऱ्याहत्तरांत नाही.

मथुराबाईंना चौऱ्याहत्तरपैकी बावीस.
नियम सोपा आहे: नापास, यादीतून बाद.
मग साखळी स्वच्छ,
अहवालात हिरवा गोल,
आणि टाकीच्या मागे तीच मशीन
प्रश्नच न विचारणाऱ्या कुणासाठी तरी चालू.

म्हणून टिपण लिहिलं:
जोडीमागे दीड रुपया जास्त.
पैसे पंधरा दिवसांत, थेट तिच्या खात्यात.
दुसरा दरवाजा कंपनीच्या खर्चाने,
शेजारणीशी समेट झाला तरी.
एल-वन न घेण्याचे कारण?
दोन बोटांत मावेना.
तीनदा खोडलं. मग एक हातमोजाच
टाचणीने लावला कागदाला.

कुलथेसाहेबांनी फाइल परत पाठवली,
हिरव्या शाईत: "कारण स्पष्ट करावे.
संलग्न वस्तू स्टोअरला जमा करावी."

जमा नाही केली.
फाइल ड्रॉवरमध्ये आहे, उद्या पुन्हा वर जाईल.
ड्रॉवर नीट बंद होत नाही,
त्या अंगठ्यामुळे.